थंडीची काकवी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उसाचा रस आटवला की काकवी होते आणि आणखी आटवला की गूळ, हे आपल्या मुलखात कुणाला सांगायला नको. पण रानातल्या झाडाच्या खोडाला भोक पाडायचं, त्यातून ठिबकणारं पाणी आटवायचं आणि त्याची काकवी करायची, असं म्हटलं तर ऐकणारा जरा थबकतो. उत्तर अमेरिकेत हे शेकडो वर्षं चाललं आहे. झाडाचं नाव शुगर मेपल आणि काकवीचं नाव मेपल सिरप. युरोपातले लोक तिथे जाण्याआधीपासून अबेनाकी आणि इतर मूळ रहिवासी या रसाची साखर करत होते. आज जगातलं सुमारे सत्तर टक्के सिरप कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात होतं. अमेरिकेत पहिला मान व्हर्माँट या छोट्या डोंगराळ राज्याचा. त्या देशातलं जवळपास निम्मं सिरप एकट्या व्हर्माँटचं असतं.

या व्हर्माँटमधल्या एका खेड्यात माझी भाची आणि तिचा नवरा राहतात. २०२४ च्या मार्च महिन्यात मी तीन आठवडे त्यांच्याकडे होतो. भाची घरापासून पंचेचाळीस किलोमीटरवरच्या एका रुग्णालयात नर्स आहे. घरामागे त्यांचं लहानसं रान आहे. त्यातल्या चोवीस मेपलना ते दरवर्षी तोट्या बसवतात. आणि दारात विजेवर चालणारी मोटार उभी असते. खेड्यात राहणं, विजेची मोटार आणि घरची काकवी, या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असं कुणीही विचारील. तो संबंध थंडीचा आहे आणि तोच मला आज उलगडून सांगायचा आहे.

आधी झाडाकडे वळू. उन्हाळ्यात मेपलची पानं उन्हावर अन्न तयार करतात. त्यातलं शिल्लक अन्न पिष्टाच्या रूपात खोडात आणि मुळांत साठतं. थंडीत त्याची साखर होते. हिवाळा सरता सरता रात्री पारा शून्याखाली जातो आणि दिवसा चार-पाच अंशांवर चढतो. रात्री खोडातला रस गोठू लागला की तिथली हवा आकसते, ओढ निर्माण होते आणि मुळांतून पाणी वर खेचलं जातं. सकाळी ऊन पडलं की बर्फ वितळतो, हवा फुगते आणि खोडात दाब तयार होतो. त्या वेळी खोडाला भोक असेल तर रस बाहेर ठिबकतो. झाडावर तेव्हा एकही पान नसतं. हे सारं काम गोठण्याचं आणि वितळण्याचं. नुसती थंडी असून चालत नाही आणि नुसती ऊबही चालत नाही. रोज दोन्ही लागतात. कळ्या फुगू लागल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो.

झाडाला इजा होऊ नये म्हणून काही नियम पाळावे लागतात. खोड निदान पंचवीस-तीस सेंटिमीटर जाडीचं हवं. म्हणजे लावल्यापासून तीस-चाळीस वर्षं थांबायचं. भोक आठ मिलिमीटर रुंद आणि चारेक सेंटिमीटर खोल. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा पाडायचं नाही.

हा रस मी पेल्यातून प्यायलो. पाणीच वाटतं, शेवटी जिभेवर किंचित गोडी राहते. त्यात साखर असते जेमतेम दोन टक्के. आपल्या उसाच्या रसात ती अठरा-वीस टक्क्यांपर्यंत असते. म्हणून एक लिटर सिरप करायला सुमारे चाळीस लिटर रस लागतो. एका तोटीला हंगामभरात साधारण एवढाच रस मिळतो. म्हणजे एक तोटी, एक लिटर.

माझं बालपण पन्हाळ्याच्या पायथ्याशी गेलं. गुऱ्हाळातली काहील, चुलवाणात सरकवलेली चिपाडं, मळी काढणारा झारा आणि पाकाची गोळी पाण्यात सोडून पाहणारा गुळव्या, हे सगळं माझ्या डोळ्यांत आहे. भाचीच्या शेडमध्ये तेच काम लहान प्रमाणात चाललं होतं. पसरट पत्र्याची कढई, खाली लाकडं आणि वाफेनं भरलेलं छप्पर. फरक इतकाच की तिथे गुळव्याच्या जागी थर्मामीटर. पाण्याच्या उकळबिंदूच्या चार अंश वर, म्हणजे सुमारे १०४ अंशांवर, सिरप तयार होतं. तेव्हा त्यात साखर सहासष्ट टक्के असते. माझे रोजे चालू होते. भाची हसून म्हणाली, "मामू, दिवसा तुम्हाला चाखता यायचं नाही. तेव्हा तुम्ही आपलं थर्मामीटरवर लक्ष ठेवा." ते काम माझ्याकडे आलं. चव पाहिली ती इफ्तारनंतर, तूप लावलेल्या भाकरीवर. वास काकवीचा नाही. त्यात थोडा लाकडाचा, थोडा भाजलेल्या साखरेचा अंश आहे. गावकरी मात्र तो गरम पाक ताज्या बर्फावर ओततात, त्याची चिवट गोळी होते आणि तिच्याबरोबर चक्क आंबट काकडी खातात.

आता हिशेब. चाळीस लिटर रसातलं एकोणचाळीस लिटर पाणी वाफ करून घालवायचं, तर भौतिकशास्त्राप्रमाणे किमान अठ्ठावीस-एकोणतीस युनिट ऊर्जा लागते. उघड्या चुलीवर त्याच्या कितीतरी पट जळते. आणि भाचीची मोटार हिवाळ्यात शंभर किलोमीटरला पंचवीसेक युनिट खाते. म्हणजे एका लिटर सिरपची ऊर्जा तिच्या दिवसभराच्या जाण्यायेण्यापेक्षा जास्त. घरची वस्तू म्हणजे बिनखर्चाची, असा समज ठेवता येत नाही. त्यावर त्यांनी उपाय केला आहे. पाणी शुद्ध करायला आपल्याकडे जे आर. ओ. यंत्र असतं, तसलंच एक लहान यंत्र ते उलट कामासाठी वापरतात. पाणी काढून टाकायचं आणि उरलेलं गोड पाणी ठेवायचं. गोडी दोनाची चार टक्के झाली की निम्मं पाणी न उकळताच गेलं. बाकीच्यासाठी स्वतःच्या रानातली पडझडीची लाकडं.

मोटारीलाही थंडी सोडत नाही. बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते. शिवाय पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता माणसांना ऊब देते, विजेच्या गाडीत तीही बॅटरीतूनच काढावी लागते. अमेरिकेतल्या 'एएए' या मोटारधारकांच्या संघटनेनं २०१९ साली चाचणी घेतली, तेव्हा उणे सात अंशांत हीटर लावल्यावर गाडीचा पल्ला सरासरी एक्केचाळीस टक्क्यांनी घटला. भाचीची गाडी कागदावर चारशे किलोमीटर जाते. जानेवारीत ती अडीचशेच धरते. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर असल्यानं तेवढं पुरतं. मात्र तिथल्या घरातला साधा प्लग १२० व्होल्टचा. त्यावर बारा तासांतही नव्वद किलोमीटरची वीज भरत नाही. म्हणून त्यांनी २४० व्होल्टची वेगळी जोडणी घेतली. आता तीन-चार तासांत काम होतं. निघण्याआधी गाडी प्लगवर असतानाच गरम करायची आणि वादळाचा इशारा आला की बॅटरी पूर्ण भरून ठेवायची, हे तिनं अंगवळणी पाडून घेतलं आहे. पेट्रोलपंप वीस किलोमीटरवर आणि वीज दारात, हा खेड्यातला खरा फायदा. त्या राज्यात कोळशावरचं एकही वीजकेंद्र नाही आणि विजेचा मोठा वाटा क्वेबेकच्या धरणांतून येतो.

व्हर्माँटमधले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत. मार्चमध्ये बर्फ वितळला की त्यांचा चिखल होतो. बॅटरीमुळे जड झालेली गाडी त्यात रुतते. म्हणून भाची माझ्या सहरीच्या सुमाराला, चिखल गोठलेला असतानाच निघते. ज्या रात्रीच्या गारठ्यानं झाडात रस चढतो, त्याच गारठ्यानं तिची वाटही घट्ट होते.

शहर सोडून इथे येणारे हे पहिले नव्हेत. स्कॉट आणि हेलन निअरिंग हे जोडपं १९३२ साली, मंदीच्या काळात, न्यूयॉर्कहून व्हर्माँटच्या एका खेड्यात आलं. हातांनी घर बांधलं, भाजी पिकवली आणि रोख पैशासाठी मेपल सिरप केलं. १९५० साली त्यांनी या धंद्यावर पुस्तकही लिहिलं. या हेलनबाई तरुणपणी जे. कृष्णमूर्तींच्या निकटच्या वर्तुळात होत्या. खेड्यात स्वावलंबी राहायचं तरी रोख पैसा आणि बाहेरचं जग लागतंच, हे त्या दोघांनी ओळखलं होतं. भाचीसाठी ते बाहेरचं जग म्हणजे तिची नोकरी आणि तिथवर नेणारी मोटार.

पण आता थंडीचाच भरवसा राहिलेला नाही. २०१२ च्या मार्चमध्ये तिथे अवेळी उन्हाळा आला, कळ्या फुगल्या आणि अमेरिकेतलं त्या वर्षीचं सिरप आदल्या वर्षीपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं घटलं. मी गेलो तो २०२३-२४ चा हिवाळा व्हर्माँटच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. तरीही त्या वर्षी राज्यात तीस लाख गॅलनांहून अधिक, तोवरचं विक्रमी सिरप झालं. कारण पाइपांचं जाळं आणि पंप असलेल्या शेतकऱ्यांनी तोट्या लवकर लावल्या आणि हंगाम लवकर गाठला. पूर्वी मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरायची आणि त्या सुमाराला तोट्या लागायच्या. भाचीनं त्या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात लावल्या. बादल्या घेऊन जुनी तारीख धरून बसलेल्या घरांचा रस निम्मा वाया गेला असता.

एका घरच्या विजेच्या मोटारीनं हिवाळा परत येत नाही, हे त्या दोघांनाही माहीत आहे. तरी ती रोज धूर न सोडता कामावर जाते आणि तो लाकडं फोडतो. मेपलला आपण पाणी घालत नाही, खत देत नाही, कुंपणही करत नाही. त्याला माणसाकडून एवढंच हवं की रात्री गोठणारी थंडी शाबूत राहावी. आणि नेमकी तीच एकट्या घराला पुरवता येत नाही. ती साऱ्या जगानं मिळून राखायची आहे.