डब्यातले कोलॅजेन, बाटलीतले कोलॅजेन

सकाळच्या गर्दीत डोंबिवली किंवा कल्याण स्थानकातील पुलाचा जिना चढताना मध्येच कठड्याला धरून थांबणारी माणसे रोज दिसतात. गुडघा कुरकुरू लागला की कुणीतरी ‘कोलॅजेन घेऊन बघा’ असे सुचवते आणि पावडरचा डबा घरी येतो. काही डब्यांवर ‘टाइप टू’ असेही लिहिलेले असते. हेच नाव प्रयोगशाळांना विकल्या जाणाऱ्या एका छोट्या बाटलीवरही असते. तिच्यात जेमतेम काही मिलिग्रॅम पदार्थ असतो आणि लेबलवर सूचना असते : फक्त संशोधनासाठी. नाव एकच असले तरी दोघांची कामे अगदी वेगळी आहेत.

कोलॅजेन हे आपल्या शरीरात सर्वाधिक आढळणारे प्रथिन. त्याच्या तीन साखळ्या दोरीसारख्या एकमेकींभोवती पीळ घेतात. या तिहेरी रचनेचा उलगडा करण्यात मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांच्या १९५४-५५ मधील संशोधनाचा मोठा वाटा आहे. त्वचा आणि हाडांत मुख्यतः पहिल्या प्रकारचे, तर सांध्यातील गुळगुळीत कूर्चेत मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन असते.

प्रयोगशाळेसाठी ते बरेचदा कोंबडीच्या छातीच्या हाडाच्या पांढऱ्या, मऊ कूर्चेतून काढतात. कूर्चा बारीक करून आधी तिच्यातील इतर घटक धुऊन काढले जातात. मग ती सौम्य आम्लात, पेप्सिन या पाचक विकरासह, थंड जागी ढवळत ठेवतात. पेप्सिन नको असलेली प्रथिने तोडते. घट्ट पिळाला मात्र फारसा धक्का लावू शकत नाही. त्यानंतर मीठ घालून कोलॅजेन वेगळे करायचे, पुन्हा विरघळवायचे आणि शेवटी गोठवून सुकवायचे. थंडी आवश्यक, कारण उष्णतेने पीळ उलगडतो. पायाचे सूप थंड झाल्यावर थलथलीत होते, ते अशाच उलगडलेल्या कोलॅजेनचे, म्हणजे जिलेटिनचे काम.

हा पीळ का जपायचा, ते १९७७ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड ट्रेंटहॅम आणि सहकाऱ्यांनी दाखवले. शुद्ध दुसरा प्रकार तेलात घोटून उंदरांना टोचला, तेव्हा त्यांतील अनेकांचे सांधे सुजले. पहिल्या प्रकाराने तसे झाले नाही. पीळ उलगडलेल्या दुसऱ्या प्रकारानेही नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच कूर्चेवर उलटली होती. माणसातील आमवाताशी मिळताजुळता आजार असा प्रयोगशाळेत अभ्यासता येऊ लागला. १९९२ मध्ये लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटाने अशाच उंदरांमध्ये दाह वाढवणारा ‘टीएनएफ’ हा घटक रोखून सांधे वाचवता येतात, हे दाखवले. आज आमवाताच्या अनेक रुग्णांना मिळणाऱ्या इंजेक्शनांमागे हे काम आहे.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील हायमीडियासारख्या कंपन्या जीवाणू आणि पेशी वाढवण्याची माध्यमे प्रयोगशाळांना पुरवतात. रुग्णापर्यंत ही सामग्री पोहोचत नाही. पण ती भेसळीची निघाली, तर तिच्यावर बेतलेला निष्कर्षही फसतो.

मग डब्यातल्या पावडरचे काय? तोंडावाटे घेतलेले कोलॅजेन इतर प्रथिनांसारखे पचते. ते जसेच्या तसे गुडघ्यात जाऊन बसत नाही. ट्रेंटहॅम यांनीच १९९३ मध्ये आमवाताच्या ६० रुग्णांवर तोंडावाटे दुसऱ्या प्रकाराचा प्रयोग केला. निकाल आशादायक होता, पण नंतरच्या चाचण्यांत तो तितका ठाम राहिला नाही. वयोमानानुसार होणारी झीज वेगळी आणि आमवात वेगळा. सकाळी उठल्यावर बोटांचे लहान सांधे सुजलेले असतील, अर्धा-पाऊण तास आखडलेले राहत असतील आणि हे काही आठवडे चालले असेल, तर डबा बदलत बसू नका. संधिवाततज्ज्ञांना दाखवा. आमवातात वेळेवर सुरू केलेले उपचार सांधे वाचवतात. पावडरवर घालवलेले महिने परत मिळत नाहीत.