एचएमटी तांदूळ : माल मशहूर, कारागीर बेनाम

आमच्या नांदुऱ्यात धान पिकत नाही. इकडची जमीन कापूस, ज्वारी, तूर आणि सोयाबीनची. तांदूळ येतो तो पूर्व विदर्भातून आणि त्याच्याही पलीकडून. तरी किराणा दुकानात जाऊन एचएमटी तांदूळ मागा, लगेच मिळतो. बारीक दाणा, शिजल्यावर मऊ, रोजच्या जेवणाला चांगला. हे नाव कोठून आले असे विचारले तर बहुतेक दुकानदार सांगतात, "कंपनीचा माल आहे." वस्तुतः या तांदळाशी कोणत्याही कंपनीचा संबंध नाही. हे वाण ज्याने शोधले, तो आपल्याच विदर्भातला, तिसरीपर्यंत शिकलेला एक गरीब शेतकरी होता. त्याचे नाव दादाजी रामाजी खोब्रागडे. व्यापारी बांधवांनी ही हकीकत जरूर वाचावी, कारण तिच्यात आपल्या जमातीचा, म्हणजे व्यापाऱ्यांचा, मोठा हात आहे.

दादाजींचे गाव नांदेड. मराठवाड्यातले मोठे शहर नव्हे, तर चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातले लहानसे खेडे. जमीन सुमारे दीड एकर. १९८३ साली त्यांच्या बांधीत 'पटेल ३' या वाणाचे धान उभे होते. त्या उभ्या पिकात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंगाला पिवळसर, दाणा निराळा. दुसऱ्या कोणी त्या बाकीच्या धानाबरोबर कापून चुरून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या तोडून वेगळ्या ठेवल्या आणि पुढच्या हंगामात त्यांचे दाणे वेगळे पेरले.

पुष्कळांना हे काम सोपे वाटेल. आम्ही कापडाच्या धंद्यात आहोत. थानावरून बोट फिरवले की सुताचा फरक कळतो, पण त्यासाठी अर्धी जिंदगी गादीवर काढावी लागते. हजारो लोंब्यांमध्ये चार वेगळ्या ओळखणे ही तशीच नजर आहे, आणि नजर ही कामाची फक्त सुरुवात. पेरलेल्या दाण्यांतून जी रोपे हवी तशी निघाली ती ठेवायची, बाकीची काढून टाकायची, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. धानाचे फूल बहुधा आपल्याच परागाने फळते, म्हणून चांगले रोप निवडत गेल्यास काही हंगामांत वाण स्थिर होते. हे विज्ञान दादाजींना पुस्तकातून मिळालेले नव्हते. वर्षाला एकच हंगाम, म्हणजे चूक कळायलाही वर्ष लागते. दीड एकरवाल्या माणसाने पोट भरणाऱ्या जमिनीचा तुकडा अशा कामासाठी बाजूला ठेवणे म्हणजे काय, हे रोज कमावून रोज खाणाऱ्या कारागिराला सांगायला नको. शास्त्रज्ञाचा प्रयोग फसला तरी पगार मिळतो. येथे प्रयोग फसला तर घरातले धान कमी होते.

अशी पाच-सहा वर्षे गेली. १९९० साली गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने दीड क्विंटल बियाणे घेऊन चार एकरांत लावले. पन्नास क्विंटल धान झाले. ते तळोधीच्या बाजारात विक्रीला गेले, तेव्हा व्यापाऱ्याने विचारले, हे कोणते धान? नाव काहीच नव्हते. बिननावाच्या मालाला भाव कसा बोलायचा? त्या काळी एचएमटीची मनगटी घड्याळे फार चालत, सासरकडून जावयाला तेच घड्याळ मिळे. व्यापाऱ्याने धानाला तेच नाव देऊन टाकले.

बाजाराच्या हिशेबाने व्यापाऱ्याने चूक केली असे आम्हाला वाटत नाही. नाव चटकन तोंडात बसणारे होते आणि भरवशाचे होते. माल त्या नावाने महाराष्ट्राबाहेर छत्तीसगड, तेलंगण, आंध्रपर्यंत गेला. पण एक गंमत पाहा. ज्या 'पटेल ३' मधून हे वाण निघाले, ते जबलपूरच्या कृषी विद्यापीठातील डॉ. पटेल यांनी काढलेले, आणि त्याला त्यांचेच नाव राहिले. शास्त्रज्ञाच्या वाणाला शास्त्रज्ञाचे नाव, शेतकऱ्याच्या वाणाला घड्याळाचे! पुढे २०१६ साली सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तांदूळ मात्र अजून त्याच नावाने विकला जातो.

नंतरची हकीकत जास्त कडू आहे. १९९४ साली अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राने दादाजींकडून पाच किलो बियाणे नेले आणि १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने वाण बाहेर आणले. विद्यापीठाचे म्हणणे असे की, मूळ बियाण्यात भेसळ होती, ते शुद्ध करण्याचे काम आम्ही केले. शुद्ध करणे हीदेखील मेहनतच आहे, ती आम्ही नाकारत नाही. पण सूत कातणारा एक आणि धुणारा दुसरा असेल, तर थान केवळ धुणाऱ्याचे म्हणता येत नाही. नव्या नावात विद्यापीठ आले, घड्याळ आले, दादाजी आले नाहीत.

मानसन्मान आले, पण उशिरा. २००५ साली नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. राज्य सरकारने कृषिभूषण दिले आणि सोन्याचे पदक दिले. पुढे अडचणीच्या वेळी पदक विकायला काढले, तर ते अस्सल सोन्याचे नसल्याचे निघाले आणि वर्तमानपत्रांत बोभाटा झाला. २०१० साली 'फोर्ब्स' या अमेरिकी मासिकाने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव छापले. तिकडच्या मासिकाला जे नाव ठाऊक, ते नागपूरच्या रेल्वे लायनीवरील आमच्या बाजाराला ठाऊक नाही. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्राम येथे आजारपणात त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत गरिबी सुटली नाही.

तरी हा माणूस एका वाणावर थांबला नव्हता. नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न अशी आणखी वाणे त्यांनी काढली. त्यांतील एकाचे नाव 'डीआरके', म्हणजे त्यांच्याच नावाची आद्याक्षरे. एकदा बाजाराने नाव ठेवले, पुढची नावे त्यांनी स्वतः ठेवली. आम्हाला तर त्यांची ही हुशारी पहिल्या शोधाइतकीच मोठी वाटते.

आता आपल्या धंद्याकडे येऊ. मांजरपाट, लठ्ठा, पॉपलीन, आम्ही नावाने विकतो, प्रथम कोणी विणले ते कोणी विचारत नाही. जुन्याचे सोडा. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका यंत्रमाग कारागिराने साडीच्या काठाची नवी नक्षी बसवली आणि नमुना घेऊन एका मोठ्या ठोक व्यापाऱ्याकडे गेला. "ठेवून जा, पाहतो," असे उत्तर मिळाले. दोन महिन्यांत तीच नक्षी दुसऱ्या मागांवरून उतरून बाजारात आली, आणि कारागिराला तीच साडी आमच्याकडे किरकोळीत दिसली. त्याच्याजवळ ना चिठ्ठी, ना तारीख, ना साक्षीदार. आम्ही तरी कोणत्या तोंडाने बोलणार, माल आमच्याच फळीवर होता!

दादाजींकडून बियाणे नेले गेले तेव्हा शेतकऱ्याच्या वाणाला हक्क देणारा कायदाच नव्हता. तो २००१ साली झाला. आता शेतकरी आपल्या वाणाची नोंदणी करू शकतो आणि त्यासाठी त्याला फी भरावी लागत नाही. आपल्या घरच्यांपैकी कोणी शेती करीत असेल तर त्याला हे सांगावे. विणकर, छपाईवाले, भरतकाम करणारे यांच्यासाठी २००० सालचा डिझाइन कायदा आहे. नवी नक्षी, नवा काठ, नवा आकार यांची नोंदणी दहा वर्षांसाठी होते आणि पुढे पाच वर्षे वाढवून मिळते. यात एक अट मोठी आहे, आणि आपले कारागीर तेथेच मार खातात. नक्षी आधी बाजारात आली किंवा छापली गेली, तर ती नवी धरली जात नाही. म्हणून अर्ज आधी, नमुना दाखवणे नंतर. अर्ज संगणकावरून भरता येतो. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी शिकलेल्या मुलाला शेजारी बसवावे, आणि अर्जाची पोच हाती येईपर्यंत थान दलालाच्या हाती देऊ नये.