सोनकी, मुंडी, पाथरी आणि त्यांचे पाहुणे भाऊबंद

पावसाळ्याच्या तोंडावर अलीकडे एक नवी पद्धत पडली आहे. शाळेतून, सोसायटीतून किंवा एखाद्या मंडळाकडून मुलांच्या हातात बियांची पुडी येते, नाहीतर मातीत वळलेले बियांचे गोळे येतात. सुट्टीच्या दिवशी ते डोंगरावर, घाटात, रस्त्याच्या कडेला टाकून यायचे. हेतू चांगलाच असतो. झाड लावणे हे आपल्याकडे सदक्याचे काम मानले जाते, त्यामुळे आपल्या घरांतली मुले हौसेने निघतात. फक्त पुडीत कशाचे बी आहे, एवढे कोणी विचारत नाही. कधी कधी ते निघते कॉसमॉसचे. ते स्वस्त मिळते, कुठेही उगवते आणि दोनेक महिन्यांत नारिंगी-पिवळ्या फुलांनी उतार भरून टाकते. फोटो छान येतात. मग दुसऱ्या वर्षी बी टाकावे लागत नाही, ते आपले आपणच उगवते. तिसऱ्या वर्षी त्या उतारावर पूर्वी काय फुलत होते, हे सांगणारे कोणी उरत नाही.

पूर्वी तिथे काय फुलत होते, त्याबद्दल हा लेख आहे. गंमत अशी की ज्याची जागा गेली आणि ज्याने ती घेतली, ती दोघेही पुष्कळदा एकाच खानदानातली असतात.

हे खानदान सूर्यफुलाचे. जगभर त्याच्या तीस हजारांहून जास्त जाती आहेत. झेंडू, शेवंती, करडई, कारळे ही सगळी त्यातलीच. या कुळाची एक खूण मुलांना जरूर दाखवावी. आपण ज्याला सूर्यफुलाचे एक फूल म्हणतो, ते एक फूल नसते. मधल्या तपकिरी चकतीत शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली असतात आणि प्रत्येकाची एक बी होते. कडेची पिवळी ‘पाकळी’ हीसुद्धा एक स्वतंत्र फूलच. म्हणजे एका देठावर भरलेली ती मजलिस आहे. झेंडूचे फूल घेऊन अलगद उलगडले आणि हातात भिंग असले, तर पाच मिनिटांत हे दिसते. सहावी-सातवीच्या मुलाला धड्यापेक्षा हे जास्त लक्षात राहते, असा आमचा अनुभव आहे.

आपल्या सह्याद्रीत या खानदानाचे सर्वांत देखणे अपत्य म्हणजे सोनकी. सप्टेंबर उजाडला, पाऊस जरा मोकळा झाला, की राजगड, सिंहगड, हरिश्चंद्रगड अशा गडांच्या उतारांवर आणि साताऱ्याजवळच्या कास पठारावर सोनकीचा पिवळा रंग चढतो. झाड फार तर गुडघ्याएवढे. पाने कडेने दातेरी, फूल रुपयाच्या नाण्याच्या आगेमागे, स्वच्छ पिवळे. कास साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. खाली जांभा खडक, त्यावर माती इतकी पातळ की मोठे झाड तिथे मूळ धरू शकत नाही. म्हणूनच पावसाच्या चार महिन्यांत उगवून, फुलून, बी धरून मोकळ्या होणाऱ्या लहान झाडांना ती जागा मिळाली. सुमारे ८५० प्रकारच्या सपुष्प वनस्पती या पठारावर आढळतात. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात कास आहे.

कासला गेल्यावर एक लक्षात ठेवावे. तिथे जे जे पिवळे ते सगळे सोनकी नव्हे. दोन लाल ठिपक्यांचे, ‘मिकी माऊस’ म्हणून मुलांना आवडणारे पिवळे फूल म्हणजे कवला. ती वाटाण्या-हरभऱ्याच्या कुळातली, सोनकीशी तिचे नाते नाही.

सोनकीचे शास्त्रीय नाव आता मुंबईच्या नावावरून ‘सेनेसिओ बॉम्बेयेन्सिस’ असे लिहितात. जुन्या पुस्तकांत मात्र ती ‘ग्रॅहॅमी’ म्हणून सापडते. जॉन ग्रॅहॅम हा मुंबई इलाख्याच्या पोस्टखात्यातला अधिकारी. टपालाचे काम सांभाळून त्याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी तयार केली. ती १८३९ मध्ये छापून निघाली, पण त्याच वर्षी तो खंडाळ्याला वारला आणि उरलेले काम निम्मो नावाच्या त्याच्या स्नेह्याने पुरे केले. ‘सेनेसिओ’चा लॅटिनमधला अर्थ म्हाताऱ्याशी जोडलेला आहे. फूल सुकले की बियांवर पांढरे, मऊ केस येतात आणि ते डोके अगदी पिकल्या केसांच्या आजोबांसारखे दिसते. त्या केसांच्या जोरावर बी वाऱ्याने दूर जाते.

एक सावधगिरी. सोनकी ज्या गटातली आहे, त्या गटातल्या झाडांत यकृताला इजा करणारी द्रव्ये असतात. तेव्हा डोळ्यांनी बघावी. काढा, लेप, चहा असले काही करू नये. मोबाइलवर फिरणारे नुस्खे वाचून तर मुळीच नाही.

औषधाचे म्हणाल, तर या खानदानातले एक रानफूल आपल्या घरांत फार पूर्वीपासून येते, फक्त ते फूल म्हणून कोणी ओळखत नाही. ते म्हणजे मुंडी. युनानी दवाखान्यात अर्क-ए-मुंडीची बाटली असते. फोड-पुरळ उठले की दादी-नानी ‘खून साफ करायला’ म्हणून तो अर्क आठवायच्या. मराठीत हिचे नाव गोरखमुंडी. भातकापणी झाली, शेतात थोडी ओल राहिली, की हिवाळ्यात ती बांधांच्या आत पसरते. बोराएवढे गोल, जांभळट गुलाबी गेंद असतात आणि पाने चुरगळली की उग्र वास येतो. हेच गेंद पाण्यात घालून, भट्टीवर वाफ धरून अर्क काढतात. भातशेतीच्या गावांत राहणाऱ्या वाचकांनी या थंडीत कापलेल्या खाचरात उतरून बघावे. अर्काची बाटली पाहिलेल्यांपैकी किती जणांनी ते झाड पाहिले असेल, हा प्रश्नच आहे. अर्क घ्यायचा तो हकीमसाहेबांना विचारूनच, हे वेगळे सांगायला नको.

अशाच ओल्या जागी, नदीच्या पात्रात आणि शेताच्या कडेला, गंगोत्री नावाचे दुसरे भावंड भेटते. बारीक, नाजूक, गुलाबी-जांभळे, वासाला गोड. पाऊस संपून पाणी ओसरले की ते येते. सोनकीसारखी त्याची कोणी जाहिरात करत नाही.

देशावरच्या लोकांना पाथरी माहीत असेल. ज्वारीच्या, करडईच्या रानात जमिनीला चिकटून उगवते, पान तोडले की दुधासारखा चीक येतो, आणि सकाळी पिवळे फूल उमलते. कोवळी पाने भाकरीबरोबर कच्ची खातात, भाजीही करतात. कोकणच्या किनाऱ्यावर कोरड्या वाळूत लांब धागे टाकत पसरणारी पाथरीची एक जात आहे, तिचेही फूल तसेच पिवळे. माळावरचा उटकटारा मात्र यांच्यात वेगळा. त्याचा निळसर पांढरा काटेरी चेंडू पाहून हे सूर्यफुलाचे नातलग आहे, असे सांगितले तर ऐकणारा हसतो. रस्त्याकडेची सहदेवी, म्हणजे जांभळ्या बारीक कुंच्यांचे ते झाड, रोज पायाखाली येते आणि तिचे नाव मात्र दहातल्या एखाद्यालाच ठाऊक असते.

नावांवरून आठवले. कलौंजीला आपल्या घरांत वेगळा मान आहे, आणि नेमका तिथेच गोंधळ होतो. कलौंजी, काळे जिरे, कडू जिरे आणि कारळे अशा चार वस्तू वाण्याकडे मिळतात आणि नावे एकमेकांत मिसळतात. कलौंजी सूर्यफुलाच्या कुळातली नाहीच. तिचे दाणे मंद काळे, तीन कोनांचे. कारळे याच कुळातले, पण ते शेतात पिकवायचे. दाणा लांबट, चकचकीत काळा, त्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. कडू जिरे मात्र रानात येणाऱ्या जांभळ्या फुलांच्या झाडाचे बी. हिंदी-गुजरातीत त्याला कालीजीरी म्हणतात. रंगाने काळपट तपकिरी, अंगावर उभ्या रेघा आणि चवीला जहर कडू. पूर्वी जंतांवर देत. ते औषध आहे, मसाला नव्हे. कलौंजी समजून रोज चमचाभर कालीजीरी खाणे बरे नाही. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर जाणकाराला विचारल्याशिवाय ती देऊच नये. घेताना एक दाणा चावून पाहिला की फरक लगेच कळतो. मसाल्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकतो: बिर्याणीसाठी घेतलेल्या स्वस्त केशरात करडईच्या फुलांचे लाल-पिवळे तंतू मिसळलेले असू शकतात. म्हणजे तिथेही हेच खानदान.

आता पाहुण्यांकडे वळू. झाडांच्या बाबतीत ‘देशी’ आणि ‘परदेशी’ हे शब्द आम्ही जरा जपूनच वापरतो. सूर्यफूल उत्तर अमेरिकेचे, झेंडू मेक्सिकोचा, शेवंती चीनकडची. शेतात, कुंडीत, हारात ती गुण्यागोविंदाने राहतात, त्यांनी कोणाचे काही बिघडवले नाही. खेड्यातल्या मुलाला खरचटले की ज्याचा पाला चोळून लावतात, तो दगडी पाला किंवा एकदांडीही मूळची मध्य अमेरिकेची. आणि तेल उकळताना अम्मी ज्याचा रस घालते, तो माका मूळचा कुठला यावर अभ्यासकांत एकमत नाही. कुठून आले याला आमच्या लेखी फार महत्त्व नाही. आल्यावर शेजाऱ्याला जागा ठेवतो की नाही, एवढेच बघायचे.

जागा न ठेवणारेही याच कुळात आहेत. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले आणि बघता बघता देशभर गेले. एक झाड हजारो बिया टाकते. त्याच्या स्पर्शाने कातडीवर खाज-चट्टे उठतात, परागाने दम्याचा त्रास वाढतो. त्याची पाने खाणारा भुंगेरा मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये बंगळुरूकडे सोडला. पावसाळ्यात तो आपल्याकडेही दिसतो, तरी गवत काही हटलेले नाही. कोकणातली रानमोडी ही दुसरी. एकोणिसाव्या शतकात शोभेचे झाड म्हणून ती या देशात आली. आज मोकळ्या डोंगरउतारावर तिने अशी गर्दी केली आहे की आत पाऊल टाकता येत नाही. शोभेचे झाड म्हणून, हे शब्द पुन्हा वाचावेत. कॉसमॉसही आज शोभेसाठीच वाटला जातो. पुण्याच्या टेकड्यांवर आणि महामार्गांच्या कडेला तो आता कोणी न पेरता वाढतो.

कॉसमॉस ओळखणे सोपे आहे. झाड कमरेएवढे किंवा त्याहून उंच, पाने झेंडूसारखी बारीक चिरलेली, फूल मोठे नारिंगी-पिवळे, साधारण आठ रुंद पाकळ्या आणि त्यांची टोके कातरलेली. बी काळपट, सुईसारखे लांब. सोनकीचे पान चिरलेले नसते आणि बीवर पांढरे केस असतात. उंच, दाट कॉसमॉसच्या खाली ऊन पोहोचत नाही. गुडघ्याएवढी सोनकी आणि तिच्याहून बुटकी शेकडो झाडे उन्हावरच जगतात. शिवाय त्यांच्याकडे वेळ असतो फक्त चार महिने. एक हंगाम हुकला की त्या वर्षीचे बी गेले.

म्हणून पुडी हातात आली तर आधी ती उघडावी. झेंडू, कॉसमॉस असले बी असेल तर घरच्या कुंडीत लावावे, तिथे ते शोभते. डोंगरावर काही टाकायचेच असेल तर त्याच डोंगरावरचे, स्थानिक जाणकाराने दाखवलेले बी टाकावे. कातळाच्या सड्यावर मात्र काहीच टाकू नये. तिथे झाडे नाहीत म्हणून ती जागा ओसाड आहे, असे आपल्याला वाटते. सप्टेंबरात जाऊन पाहिले की ती कशी भरलेली असते ते कळते. आपल्या गल्लीच्या टोकाला, शाळेच्या मागे किंवा कब्रस्तानच्या भिंतीलगत कॉसमॉस, गाजर गवत माजले असेल, तर फूल येण्याआधी, ओल्या मातीत, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. बी धरल्यावर उपटले तर आपणच ते पसरवतो.

कासला जायचे असेल तर सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची सुरुवात हा काळ बरा. शनिवार-रविवार टाळावा आणि सकाळी लवकर निघावे. ऑनलाइन नोंदणी आधीच करून ठेवावी. आखलेल्या वाटेवरूनच चालावे, कारण वाटेबाहेर पाऊल पडते ते फुलावरच. लहान मुले बरोबर असतील तर भिंग न्यावे. फुले तोडू नयेत. एकच सोनकी जिथल्या तिथे वाकून पाहावी आणि मुलांना विचारावे की या एका फुलात किती फुले आहेत.