कोटी कोटींत एक

क्षयरोग्याच्या फुप्फुसात पोकळी पडली, की त्या एका पोकळीत १० कोटींच्या आसपास जंतू असू शकतात. एकेक जंतू ३ मायक्रॉन लांब धरला, तर सगळ्यांची रांग ३०० मीटर भरेल. वजन मात्र सगळ्यांचे मिळून जेमतेम ०.१ मिलिग्रॅम, तांदळाच्या दाण्याचा दोनशेवा हिस्सा. एवढ्यासाठी ५० ते ६४ किलो वजनाच्या माणसाला सरकारी उपचारात रोज चार गोळ्या, १६८ दिवस. म्हणजे ६७२ गोळ्या! त्यांत नुसते रिफाम्पिसिनच १०० ग्रॅम, जंतूंच्या वजनाच्या दहा लाख पट.

एवढा भडिमार कशासाठी? ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. ५५ रुग्णांना औषध दिले, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाल्यांतले ४ दगावले, बाकीच्यांतले १४. पाच वर्षांनी मोजदाद केली तेव्हा आकडे होते ३२ आणि ३५. मिळालेला जीव बहुतेकांच्या हातून पुन्हा निसटला होता. औषध एकटे पडले होते. त्याला दाद न देणारे जंतू मागे उरले आणि तेच फोफावले.

त्या गोळ्यांतल्याच आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. म्हणजे आपल्या पोकळीत पहिल्या प्रकारचे शंभर, दुसऱ्या प्रकारचा एखादा. दोन्हींना पुरून उरणारा? कोटी कोटींत एक, एकावर चौदा शून्ये. असे दहा लाख रुग्ण तपासावेत, तेव्हा एखाद्याच्या छातीत तो सापडायचा. वैद्यकातला याहून सुंदर गुणाकार मला माहीत नाही.

पण औषधे एकत्र आणि नेमाने पोटात गेली तरच हा गुणाकार टिकतो. आतड्यातला ई. कोलाय पोषक परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला सुमारे २० तास लागतात. त्यातले काही तर निपचित पडून राहतात आणि औषधाच्या तावडीत सापडत नाहीत. म्हणून उपचार इतका लांबतो. इकडे काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, अंगावर मूठभर मांस चढते. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, तिचा धसका वेगळाच. गोळ्या सुटतात त्या इथे, आणि याचेच फार वाईट वाटते.

रुग्णाच्या घरातल्या ज्यांना संसर्ग झालाय पण आजार नाही, त्यांच्या अंगात जंतू मोजकेच असतात. त्यांना आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, असे १२ डोस पुरतात.