मैत्रिणीने धर्म बदलला, मैत्रीचे काय?

बदलापूर-अंबरनाथहून सकाळची लोकल पकडणाऱ्या बायकांचे गट ठरलेले असतात. एकीला उशीर झाला तर दुसरी पर्स ठेवून जागा धरते. टिफिन वाटून खाल्ले जातात. श्रावण, नवरात्र, रमजान, नाताळ सगळे त्याच दोन बाकांवर येऊन जाते. अशा गटातली एक जण काही महिन्यांत बदलत जाते. आधी ती टिफिनमधले काही पदार्थ नाकारते, मग हळदीकुंकवाला येत नाही, मग गप्पांमध्येही जरा अंतर ठेवून बसते. शेवटी कळते की तिने धर्म बदलला आहे. गटातल्या बाकीच्या जणी तिच्या नव्या धर्माबद्दल फारसे काही बोलत नाहीत. त्यांना बोचते ते वेगळेच असते: एवढी मोठी गोष्ट, आणि आपल्याला सांगितलीसुद्धा नाही!

आपल्या भागात हे दुखणे थोडे जास्त लागते, त्याला कारण आहे. उल्हासनगर वसले ते फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांमुळे. कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत त्यांची सोय केली गेली आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तिथला पत्ता ‘कॅम्प नंबर अमुक’ असाच सांगतात. अंबरनाथला आयुध कारखान्याने आणि इतर कारखान्यांनी माणसे आणली. बदलापुरात मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेली कुटुंबे राहतात. म्हणजे या तिन्ही गावांत बहुतेकांचे नातेवाईक दूर आहेत. बाळंतपणात डबा पोहोचवणारी, मुलाला शाळेतून आणणारी, दवाखान्यात रात्रभर बसणारी ही शेजारीण किंवा मैत्रीणच असते. इथे मैत्रीण दुरावली तर बहीण दुरावल्यासारखे होते.

या प्रश्नात आपण मुस्लिम वाचक दोन ठिकाणी उभे असतो. कधी आपलीच मैत्रीण दुसऱ्या वाटेने जाते. आपल्याबरोबर वाढलेली सिंधी मैत्रीण चर्चमध्ये जाऊ लागते, कॉलेजातली सखी एखाद्या सत्संगात इतकी रमते की तिला दुसरे काही सुचत नाही. कधी एखादी इस्लाम स्वीकारते आणि आपल्या वर्तुळात येते. पहिल्या वेळी आपल्याला वाईट वाटते. दुसऱ्या वेळी आपण आनंदात असतो, आणि तिच्या जुन्या मैत्रिणींना आज तेच वाईट वाटत असेल हे आपल्या लक्षातही येत नाही. माझ्या मते आपण कमी पडतो ते या दुसऱ्या ठिकाणी.

हा प्रश्न आजचा नाही. उल्हासनगरहून दोन स्टेशने मागे, कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचेच पाहा. डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला निघण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, त्यांनी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केले आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे सर्वांसमोर सांगितले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला इंग्लंडमधील वाँटेज इथे त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. एकीने धर्म सोडणार नाही असे जाहीर केलेले, दुसरीने तो सोडलेला, आणि इकडे महाराष्ट्रात रमाबाईंवर संतापाचा पाऊस पडत होता. तरी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंना डॉक्टरकीची पदवी मिळाली, तेव्हा रमाबाई खास त्या समारंभासाठी इंग्लंडहून समुद्र ओलांडून आल्या होत्या. आनंदीबाई शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या. वर्षभरातच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी त्या पुण्यात वारल्या. त्या दोघींमध्ये धर्मावरून वाद झाला असेल किंवा नसेलही. पदवीच्या दिवशी मात्र रमाबाई हजर होत्या.

याच रमाबाईंच्या आयुष्यात उलटेही घडले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्याला नेले. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे सल्लागार मंडळात होती. रमाबाई ख्रिस्ती आहेत हे त्यांना माहीत होते, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. अट एवढीच की सदनात धर्माचे शिक्षण द्यायचे नाही. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, पण दार बंद करत नसत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे, मी कोणाला बोलावत नाही, येणाऱ्याला अडवणारही नाही. मंडळाचे म्हणणे, तटस्थ राहायचे तर हे चालणार नाही. १८९३ साली रानडे-भांडारकर बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. कोण बरोबर, यावर आजही दोन मते आहेत. मला त्यातला दाराचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. दोन्ही बाजू ‘धर्म मध्ये आणायचा नाही’ एवढेच बोलल्या होत्या. दार उघडे ठेवायचे की लावायचे, हे कोणी बोललेच नव्हते.

मैत्रीतही नेमके हेच राहून जाते. ‘तू तुझा धर्म पाळ, मी माझा’ हे म्हणायला सोपे आहे. पण माझ्याकडच्या पूजेला तू येशील का? आलीस तर प्रसाद घेशील का? नसशील घेणार तर सासूबाईंसमोर कसे सांगायचे? माझ्या घरी नमाजाची वेळ झाली तर कुठे पढशील? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात म्हणून कोणी विचारत नाही आणि मग एखाद्या बारशाला किंवा हळदीच्या दिवशी सगळ्यांसमोर अपमान झाल्यासारखे होते. आधी फोनवर पाच मिनिटे बोलून घेतले असते तर वेळ निभावली असती.

आता इस्लाम स्वीकारलेल्या मैत्रिणीविषयी. तिची जुनी हिंदू किंवा बौद्ध मैत्रीण तुम्हाला विचारते, ‘तुमच्यात असेच असते का? ती आता माझ्या हातचा चहासुद्धा घेत नाही.’ अशा वेळी सरळ उत्तर द्या. नाही, असे नसते. मूर्तीपुढे ठेवलेला प्रसाद ती घेणार नाही, पूजेत हात जोडणार नाही, मांस हलाल असेल तरच खाईल. यात तिच्याशी घासाघीस करू नका, हा तिच्या श्रद्धेचा भाग आहे. पण चहा, पोहे, वरण-भात याला कसलीही मनाई नाही. आजारी मैत्रिणीला भेटणे, तिच्या घरी दुःखात जाणे, तिची भेटवस्तू घेणे, यालाही नाही. नावाचेही तसेच. इस्लाम स्वीकारला म्हणजे नाव बदललेच पाहिजे असे नाही; बहुतेक सहाबांची नावे पूर्वीचीच राहिली, वाईट अर्थाची तेवढी बदलली गेली. तरी तिने नवे नाव घेतले असेल तर त्या नावाने हाक मारायला काय हरकत आहे? लग्नात सासरचे नाव ठेवायची चाल आपल्याकडे आहेच की.

मग ती चहासुद्धा का नाकारते? बहुतेकदा कारण एकच असते: नव्या माणसाला भीती वाटते. काय चालते, काय चालत नाही, हे तिला अजून नीट माहीत नसते. चूक होऊ नये म्हणून ती सगळेच नाकारते. दुसरे म्हणजे, ज्यांनी तिला पहिल्यांदा आपलेसे केले, त्यांच्या सवयी तिला धर्मच वाटतात. मलंगगडाचे उदाहरण घ्या. हाजी मलंग बाबांच्या दर्ग्यावर हिंदू-मुस्लिम दोघेही जातात, तिथल्या वहिवाटीत केतकर हे ब्राह्मण घराणे पिढ्यान्‌पिढ्या आहे. लहानपणापासून बरोबर गड चढलेल्या दोघींपैकी एक मुसलमान होते आणि म्हणते, मी आता दर्ग्यावर येणार नाही. दुसरी चक्रावतेच. दर्ग्याबद्दल मुसलमानांमध्येच वेगवेगळी मते आहेत, हे तिला कोण सांगणार? ते आपण सांगायचे. दोघींना गड चढता येत नसेल तर पायथ्याशी बसून चहा पिता येतो.

आपल्या दीनमध्ये याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. मक्केतल्या पहिल्या मुसलमानांपैकी जवळपास प्रत्येकाचे आई-बाप, भाऊ, मित्र जुन्याच धर्मात होते. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आईने मुलाने इस्लाम सोडावा म्हणून अन्नपाणी सोडले. त्यांनी इस्लाम सोडला नाही आणि आईलाही सोडले नाही. सूरह लुकमानमध्ये हाच मार्ग सांगितला आहे: आई-वडिलांनी शिर्क करायला लावले तर ऐकू नये, पण या जगात त्यांच्याशी भलेपणानेच वागावे. हजरत अस्मा बिन्त अबू बक्र (रजि.) यांची आई मदीनेला लेकीला भेटायला आली, तेव्हा ती मुस्लिम नव्हती. अस्मा (रजि.) यांना संकोच वाटला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आईशी नाते जोडून ठेवायला सांगितले. हजरत उमर (रजि.) यांना प्रेषितांकडून (स.) रेशमी वस्त्र मिळाले, ते त्यांनी मक्केतल्या आपल्या भावाला पाठवून दिले, तो तेव्हा मुस्लिम नव्हता. मशिदीतून आणि इज्तिमातून नव्या मुस्लिम बहिणीला नमाज शिकवली जाते, वजू शिकवले जाते. हे प्रसंग मात्र तिला कोणी लवकर सांगत नाही. खरे तर हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवेत.

दुसरी बाजू आपली आहे. आपली मैत्रीण दुसरीकडे गेली तर? तिला पटवून परत आणायची घाई करू नका. रात्री दीड-दीड वाजता व्हॉट्सअॅपवर तकरिरींचे व्हिडिओ पाठवून आजवर कोणाचे मन वळले असेल असे वाटत नाही. नंबर ब्लॉक झालेले मात्र पाहिले आहेत. पहिली एक-दोन वर्षे बहुतेक नवागत फार उत्साहात असतात. प्रत्येक गोष्टीत नवा धर्म आणतात, जुन्या आयुष्याला नावे ठेवतात. ती त्या आयुष्याला नावे ठेवते तेव्हा आपल्यालाच ठेवते आहे असे वाटते, कारण त्या आयुष्यात आपणही होतो. राग येणे साहजिक आहे. ‘हे बोललीस तर मला लागते’ असे तिला एकदा स्पष्ट सांगावे आणि विषय बदलावा. मुलांच्या परीक्षा, मणक्याचे दुखणे, विजेचे बिल, बोलायला काय कमी आहे?

एवढे असूनही तिने भेटणेच बंद केले तर मागे लागू नये. ईदला, तिच्या वाढदिवसाला एक साधा संदेश पाठवावा, उत्तराची वाट पाहू नये. काही जणी दोन-तीन वर्षांनी परत येतात. काही येत नाहीत, आणि त्याचे दुःख करायला हरकत नाही. मैत्री तुटण्याचे दुःख करायची आपल्याकडे रीत नाही एवढेच.

मराठी माणसाने एकाच वेळी हजारो घरांत हा बदल पाहिला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९५१ च्या जनगणनेत राज्यात जेमतेम अडीच हजार बौद्ध होते, १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. घरातले देव गेले, सण बदलले, बावीस प्रतिज्ञा आल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे पचायला वेळ लागला, काही गावांत बहिष्कारही घातले गेले. आणि आज आपल्याच इमारतीतली बौद्ध शेजारीण गणपतीची आरती करत नाही, म्हणून कोणी तिच्याशी बोलणे टाकते का? कशात भाग घ्यायचा आणि कशात नाही, हे दोन्हीकडच्यांना हळूहळू कळले.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून पाहायला हवी. मैत्रिणीचा फोन आता दुसरेच कोणी उचलते, तिची कागदपत्रे किंवा पगार दुसऱ्याच्या हातात आहे, ती एकटी कधी भेटूच शकत नाही, अंगावर मार दिसतो, हे धर्मांतराचे लक्षण नव्हे, मग ती कोणत्याही धर्मात गेलेली असो. तिला एकांतात विचारा. गरज वाटली तर महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. पण असे काही नसताना, केवळ तिने धर्म बदलला म्हणून ग्रुपवर तिचा फोटो टाकणे, तिच्या नवऱ्याबद्दल कुजबुज पसरवणे याला मैत्री म्हणत नाहीत. आजच्या वातावरणात अशा कुजबुजीतून दारावर जमाव यायला वेळ लागत नाही. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने श्रद्धेचे स्वातंत्र्य तिला दिलेले आहे. तिने ते का वापरले, हे ती सांगेल तेव्हा ऐकावे.

नव्या मुस्लिम बहिणीची पहिली ईद फार एकटी असते. माहेरचे आलेले नसतात, सासर असेल तर तिथे सगळे नवीन, आणि नसेल तर एखाद्या भाड्याच्या खोलीत ती एकटी. तुम्ही तिला घरी बोलावाल, बोलावायलाच हवे. त्याच वेळी तिच्या लोकलमधल्या त्या जुन्या मैत्रिणीलाही फोन करा. ती शाकाहारी असेल तर सांगा की शिरखुर्म्यात दूध, शेवया, खजूर आणि सुकामेवाच असतो, आणि तिच्यासाठी वेगळे पातेले चढवले आहे.