समांतर संगणकाचे प्रकार : वर्गातल्या उदाहरणांसह



"या मोबाईलमध्ये आठ कोअर आहेत, मग तो आठपट फास्ट का?" असं मुलं हमखास विचारतात. 'हो' म्हणून मोकळं होऊ नका. कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा प्रोसेसर. असे अनेक प्रोसेसर एकाच वेळी राबतात तो समांतर संगणक.

१९६६ साली मायकेल फ्लिन यांनी संगणकांचे चार प्रकार सांगितले. त्यासाठी दोनच प्रश्न विचारायचे : एका वेळी सूचना किती? आणि माहिती किती?

१) एक सूचना, एक माहिती : एकच शिक्षक एकेक वही तपासतो. जुने एका प्रोसेसरचे संगणक असे. हा समांतर नव्हे.

२) एक सूचना, अनेक माहिती : कवायतीत "सावधान!" म्हटलं की सगळी मुलं एकदमच हलतात. फोटो उजळ करताना लाखो ठिपक्यांवर अशीच एक क्रिया होते.

३) अनेक सूचना, एक माहिती : एकच निबंध एक जण शुद्धलेखनासाठी, दुसरा आशयासाठी तपासतो. हा प्रकार क्वचितच आढळतो.

४) अनेक सूचना, अनेक माहिती : गटकार्य! प्रत्येक गटाचं काम वेगळं, साहित्य वेगळं. आजचे मोबाईल, महासंगणक यात येतात.

चौथ्या प्रकारात पुन्हा दोन पद्धती आहेत. सगळ्यांचा फळा एकच असेल तर ती सामायिक स्मृती. मोबाईलमध्ये हीच असते. प्रत्येकाची पाटी वेगळी आणि निरोप चिठ्ठीने, तर ती विभागलेली स्मृती. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये तयार केलेला 'परम ८०००' या दुसऱ्या पद्धतीचा होता.

आता मुलांचा प्रश्न. समजा, निकालाचं काम १०० मिनिटांचं आहे. त्यात ९० मिनिटांची तपासणी वाटून घेता येते, पण १० मिनिटांची अंतिम यादी एकानेच करायची. आठ शिक्षक बसले तर ९० भागिले ८ म्हणजे सव्वाअकरा, अधिक १०, म्हणजे सव्वाएकवीस मिनिटं. पाचपटसुद्धा वेग नाही! आणि शंभर शिक्षक आणले तरी ती १० मिनिटं काही कमी होत नाहीत. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं.

म्हणून संगणक घेताना नुसते कोअर मोजू नका. आपलं काम किती वाटता येतं, ते आधी बघा. वर्गात हे गणित मुलांकडूनच सोडवून घ्या, उत्तर त्यांचं त्यांनाच सापडेल.