नाव झाकून मागितलेला न्याय

मुंबई उच्च न्यायालयात १९९७ साली एका खटल्याचा निकाल लागला. दाद मागणाऱ्याचं नाव ‘एमएक्स’ आणि ज्या कंपनीविरुद्ध दाद मागितली, तिचं नाव ‘झेडवाय’. कायद्याच्या पुस्तकांत आजही एवढंच सापडतं.

एमएक्स हा एका सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीत हंगामी मजूर होता. कायम करण्याआधी कंपनीने त्याची वैद्यकीय तपासणी करवली. अंगात काम करायची ताकद होती, पण रक्ततपासणीत एचआयव्ही निघाला. तेवढ्यावरून कायम नोकरी तर गेलीच, हंगामी कामगारांच्या यादीतूनही त्याला वगळलं.

आता त्याने करायचं काय? कोर्टात जायचं म्हणजे अर्जावर नाव, वय, पत्ता, बापाचं नाव, खाली सही. सुनावणीच्या दिवशी नाव बोर्डावर लागणार, पुकारा होणार, दुसऱ्या दिवशी कदाचित पेपरात येणार. नोकरीचा हक्क परत मिळवण्यासाठी गुपित फोडावं लागणार. आणि एकदा ते फुटलं की नोकरी मिळूनही खोली, शेजार, मुलीचं लग्न, गावातलं येणंजाणं हातचं जाणार. हक्क कागदावर असूनही तो मागायला कुणी येत नाही, त्याचं मोठं कारण इथे आहे.

न्यायालयाने ही अडचण ओळखली आणि त्याला खरं नाव न उघडता खटला चालवू दिला. निकालही स्वच्छ दिला: माणूस काम करण्याइतका धडधाकट असेल आणि त्याच्यामुळे इतरांना धोका नसेल, तर सरकारी क्षेत्रातला मालक केवळ एचआयव्हीमुळे त्याला नोकरी नाकारू शकत नाही. त्याला पुन्हा यादीत घ्या आणि बुडालेल्या मजुरीपोटी भरपाई द्या, असा आदेश झाला. कायदा सगळ्यांसमोर, उघड्या दाराने चालावा ही न्यायव्यवस्थेची जुनी शिस्त. त्याच व्यवस्थेने एका मजुरासाठी आपलं दार अर्धं लोटून घेतलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

हे नवल किती मोठं आहे, ते समजण्यासाठी आठ वर्षं मागे, गोव्यात जावं लागतं. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. गुन्हा कुठलाच नव्हता. ते नेमाने रक्तदान करायचे आणि त्यातूनच त्यांना एचआयव्ही असल्याचं सरकारला कळलं होतं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं ठेवण्याची तरतूद होती. म्हापशात क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या जुन्या इमारतीत त्यांना ६४ दिवस एकटं ठेवलं. आई लूसी डिसोझा उच्च न्यायालयात गेल्या आणि डॉमिनिक बाहेर आले. पण कायदा मात्र न्यायालयाने वैध ठरवला. तोवर त्यांचं नाव घरोघरी पोचलं होतं. नोकरी गेली. पुढे त्यांनी लपणं सोडून दिलं, स्वतःच्या नावानिशी बोलू लागले, आणि १९९२ मध्ये, मृत्यूच्या थोडंच आधी, ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था गोव्यात उभी केली. त्यांच्या आयुष्यावर बेतलेला ‘माय ब्रदर... निखिल’ हा चित्रपट बऱ्याच वाचकांनी पाहिला असेल.

माणसाला कोंडून विषाणू कोंडला जात नाही, हे तेव्हाही डॉक्टरांना ठाऊक होतं. हात मिळवून, एका ताटात जेवून, एकाच संडासात जाऊन एचआयव्ही पसरत नाही. पुढे विज्ञानाने त्याहून मोठी गोष्ट सिद्ध केली आणि त्यात पुण्याचा वाटा आहे. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, या अभ्यासाच्या केंद्रांपैकी एक होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला: औषधं लवकर सुरू केली तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. त्यानंतरच्या युरोपातल्या अभ्यासांनी चित्र पुरं केलं. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू इतका कमी झाला की तपासणीत सापडतच नाही, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. कमी जातो असं नव्हे, जातच नाही. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरमधले काउन्सेलर हे रोज सांगतात, पण गावच्या पारावर ते अजून पोचलेलं नाही.

तर १९८९ चं कोंडणं आणि १९९७ चं झाकलेलं नाव, या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात येऊन मिळाल्या. ‘एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७’ हा तो कायदा. अमलात आला १० सप्टेंबर २०१८ पासून. त्याच्या तिसऱ्या कलमात भेदभाव कशाला म्हणायचं याची यादी आहे: नोकरी, उपचार, शाळा, भाड्याचं घर, नोकरीसाठी सक्तीची एचआयव्ही तपासणी. त्याच यादीत माणसाला वेगळं काढून ठेवणं हाही भेदभाव म्हणून लिहिलेला आहे. डॉमिनिकच्या बाबतीत जे केलं, तेच आता कायद्याने मनाई केलेलं कृत्य आहे.

चौतिसावं कलम तर मी पुन्हापुन्हा वाचलं. एमएक्सला न्यायालयाने जे विशेष म्हणून दिलं, ते इथे मागण्याजोगं झालं. अर्ज केला की न्यायालय तीन प्रकारचे आदेश देऊ शकतं: कागदपत्रांत टोपणनाव घालणं, सुनावणी बंद दालनात घेणं, आणि ओळख उघड होईल असं काहीही छापायला बंदी करणं. खरं नाव असलेली कागदपत्रं सीलबंद लिफाफ्यात प्रबंधकाच्या ताब्यात राहतात. शिवाय असा खटला प्राधान्याने निकाली काढायचा आहे.

कायदा लिहिणाऱ्यांनी घराच्या आतही डोकावून पाहिलं आहे. पॉझिटिव्ह व्यक्तीच्या जोडीदाराला डॉक्टरने सांगावं का, हा फार अवघड प्रश्न. नववं कलम म्हणतं, जोडीदाराला खराच मोठा धोका असेल, समुपदेशन करूनही ती व्यक्ती स्वतः सांगणार नाही असं दिसत असेल आणि आपण सांगणार आहोत याची तिला आधी कल्पना दिली असेल, तर डॉक्टर सांगू शकतो. पण सांगितल्यामुळे मारहाण होईल, घराबाहेर काढतील, जिवाला अपाय होईल अशी रास्त भीती असेल, तर सांगायचं नाही. आणि हे संरक्षण मुद्दाम बाईसाठीच लिहिलं आहे. गरोदरपणातल्या तपासणीत आधी तिचं रक्त पॉझिटिव्ह येतं आणि ‘हिनेच आणलं’ म्हणून नवऱ्याचं घर तिच्यावर उलटतं, हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना या एका वाक्याचं मोल कळेल. राहत्या घरातूनही तिला काढता येत नाही. कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क याच कायद्याने वेगळा लिहून दिला आहे.

आणि बत्तिसावं कलम! एचआयव्हीमुळे आईबाप दोघंही सांभाळ करण्याच्या स्थितीत नसतील, तर त्या घरातलं बारा वर्षांवरचं पण अठराच्या आतलं समंजस मूल धाकट्या भावंडाचं पालक होऊ शकतं. शाळेतला प्रवेश, बँकेचं खातं, दवाखाना, मालमत्ता, एवढं सगळं त्याच्या सहीने. असं घर पाहिल्याशिवाय हे कलम कुणाला सुचणार नाही.

मदत मागायची तर सुरुवात कोर्टापासून करावी लागत नाही. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर माहिती आणि समुपदेशन मिळतं. सरकारी एआरटी सेंटरवर औषधं २००४ पासून विनामूल्य आहेत, आणि तिथला काउन्सेलर जवळच्या पॉझिटिव्ह लोकांच्या गटाशी जोडून देतो. शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमलेला हवा. दवाखाना असेल तर वीस माणसांपासूनच. त्याच्यावर याच कायद्याखाली राज्याने नेमायचा लोकपाल. त्याने तीस दिवसांत निर्णय द्यायचा आणि वैद्यकीय तातडी असेल, उदाहरणार्थ शस्त्रक्रियाच नाकारली असेल, तर शक्यतो २४ तासांत. आदेश मोडला तर दहा हजारांपर्यंत दंड, आणि मोडत राहिलं तर रोजचे पाच हजारांपर्यंत आणखी. वकिलाच्या पैशांची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बायका, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे मोफत वकील मिळतो. नकार तोंडी मिळाला असेल तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचा हुद्दा त्याच दिवशी लिहून ठेवावा. पुढे तोच पुरावा होतो.

या कायद्यातली एक जागा मला बोचते. औषधं पुरवण्याचं सरकारचं कर्तव्य सांगताना चौदाव्या कलमात ‘शक्य तितकं’ असं घातलेलं आहे. आयुष्यभर रोज घ्यायच्या गोळीपुढे हे शब्द बसत नाहीत. एकदा खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. विधेयकावर चर्चा चालू असतानाच पॉझिटिव्ह लोकांनी हे शब्द काढा म्हणून आवाज उठवला होता. ते राहिले. २०२२ च्या उन्हाळ्यानंतर काही औषधं वेळेवर मिळेनात, तेव्हा ही माणसं दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात कित्येक आठवडे धरणं देऊन बसली. तुटवडा असल्याचं सरकारने नाकारलं. पॉझिटिव्ह लोकांनी गोळ्यांच्या हिशोबाचं भांडण सर्वोच्च न्यायालयात नेलं, आणि या वेळी बरेच जण आपल्या खऱ्या नावाने बोलत होते.